डेलमरची निळी काडतुसं

शेडमधल्या टेबलावर डबी आहे. प्लास्टिकची, आरपार दिसणारी, आत प्रत्येक काडतुसाला आपापला खण. काही खण रिकामे आहेत. बाकीच्यांत काडतुसं डोकं वर करून उभी आहेत आणि प्रत्येकाची गोळी निळी आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटांना देतात तसला निळा, चकचकीत.

मर्ल ओडेगार्ड डबीकडे बघत कॉफी पितो आहे. कॉफी गार झालेली आहे. हे त्याला कप संपल्यावर कळतं.

झालं ते असं. चर्चच्या चांदमारीत, जिथे कागदावर नेम धरून टर्की जिंकायची असते, मर्लचा मेव्हणा डेलमर याच्या हातात रायफल फुटली. उजवा डोळा गेला. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली, मधलं काही राहिलं नाही. पंधरवडा झाला, तो बिलिंग्जच्या इस्पितळात आहे. मर्ल अजून तिकडे गेलेला नाही.

गोळ्या मर्लने ओतल्या होत्या. मर्लने रंगवल्या होत्या. काडतुसं मर्लने भरली होती.

डेलमर सगळ्यांना सांगतो की रायफल त्याने चिखलात टेकवली, नळीच्या तोंडात माती अडकली. चूक त्याची.

डबीतली काडतुसं तपासली तर खरं काय ते कळेल. मर्लने तपासलेली नाहीत.

*

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. मॉन्टानाच्या त्या कोपऱ्यात पोरांना हे दात घासायला शिकवण्याआधी शिकवतात. काडतुसं भरणारा माणूस मेला, की त्याच्या मागे राहिलेली काडतुसं मित्रमंडळी बसून सोडवतात. गोळी एकीकडे, पितळेची पुंगळी एकीकडे, आणि बंदुकीची दारू बायकोच्या फुलझाडांच्या वाफ्यात. मेलेल्याच्या हातावर अविश्वास म्हणून नाही. तसा रिवाज आहे. त्या दिवशी केक असतो.

मर्ल हे जाणून होता. डेलमरही जाणून होता. पण डेलमरच्या खांद्यात स्क्रू बसवले होते.

"मला फटका सोसत नाही रे, मेव्हण्या. पाद्र्यासमोर तोंडातून काही निघालं तर तुझी बहीण घरात घेणार नाही."

"हलकी भरून देतो."

"किती हलकी? कागदापर्यंत पोचेल ना?"

"चालत जाईल."

"चालत गेली तरी चालेल. आपण वाट बघू."

*

आधी ओतणं.

चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं मर्ल गॅरेजवाल्याकडून बादलीने आणतो. ती वितळली की वर चिकटपट्टीचा, तेलाचा, रस्त्याचा मळ येतो. तो चमच्याने काढायचा. मग साच्यात ओतायचं. पहिल्या गोळ्यांना सुरकुत्या पडतात, त्या परत भांड्यात टाकायच्या. साचा तापला की गोळ्या गुळगुळीत पडायला लागतात, पिकलेल्या आलुबुखारासारख्या टपटप.

मग रंग. पूर्वी लोक गोळीला मेण फासायचे. आता दह्याच्या रिकाम्या डब्यात गोळ्या घालतात, वर रंगाची कोरडी भुकटी, झाकण लावून हलवायचं. भुकटी आपोआप चिकटते. चिमट्याने एकेक उचलून पत्र्यावर उभी करायची आणि पाव शेकायच्या जुन्या छोट्या भट्टीत भाजायची. भुकटी वितळते, गोळीवर साल चढते. ती साल हातोडीने ठोकली तरी निघत नाही. शिसं नळीला लागत नाही, हाताला लागत नाही. मर्लच्या स्वतःच्या गोळ्या लाल असतात. निळी भुकटी डेलमरने आणली होती, फाटकं रंगवणाऱ्या कुणाकडची उरलेली.

"तुझ्यामाझ्यात घोळ नको," तो म्हणाला होता. "मी जिंकलो तर तू म्हणशील, गोळी माझी होती."

म्हणून सगळ्या तालुक्यात निळी गोळी एकाच माणसाकडे होती, आणि ती एकाच माणसाने भरली होती.

*

हलकं भरणं म्हणजे मोठ्या पुंगळीत थोडीशी दारू. रांजणात वाटीभर तांदूळ. नेहमीचं भरताना चुकून दारू दोनदा पडली तर ती उतू जाते, टेबलावर सांडते, माणूस शिवी देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हलकं भरताना दोनदा पडली तरी वर जागा उरते. गोळी वर छान बसते. चूक आतच राहते.

म्हणून बॅटरी मारून बघायचं असतं. ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्यांमध्ये उजेड टाकायचा, सगळ्यांत दारू सारखी दिसली पाहिजे, मगच गोळ्या बसवायच्या.

मर्ल बघतो. नेहमी बघतो.

*

ती दुपार.

लाकडाचा ठोकळा, त्याला ओळीने भोकं, भोकांत पुंगळ्या, तोंडं वर. मर्ल दारू घालत घालत शेवटाला आला आहे. कोपऱ्यातली एकच राहिली आहे. तिकडे फोन वाज

पुन्हा.

कोपऱ्यातली एकच राहिली आहे. फोन वाजतो. मर्ल तिच्यातही दारू घालतो, मग उठतो. फोनवर आर्डिस आहे, त्याची बहीण, डेलमरची बायको. तुझं मोठं पातेलं चर्चच्या जेवणाला मिळेल का. मिळेल. कधी येऊ. कधीही ये. तो परत येतो. बॅटरी मारतो. सगळं सारखं. गोळ्या बसवतो.

असं झालं असेल तर दोष लोखंडाचा. रायफल डेलमरच्या आजोबांची होती. जुनं लोखंड.

पुन्हा.

कोपऱ्यातली एकच राहिली आहे. फोन वाजतो. मर्ल तसाच उठतो. उठताना कोपर लागतं, ठोकळा फिरतो. पातेलं, हो, कधीही ये. परत येऊन बसतो. कोपऱ्यातली एक राहिली होती हे त्याच्या पक्कं लक्षात आहे. तो कोपऱ्यातल्या पुंगळीत दारू घालतो. ठोकळ्याला कोपरे चार असतात.

असं झालं असेल तर एकीत दोनदा पडली, आणि एक कोरडी राहिली. दोनदा पडलेलं काडतूस डेलमरच्या गालापाशी फुटलं. कोरडं अजून डबीत उभं असेल.

आणि बॅटरी? बॅटरी मारल्याचं मर्लला आठवतं. हातातलं तिचं वजन आठवतं, पितळेत पडलेला पिवळा गोल आठवतो. पण हे कुठल्याही दिवसाचं असू शकतं.

पुन्हा.

नाही. बस.

*

डबी कोल्स्टाडने आणून दिली. कोल्स्टाड शेरीफच्या कचेरीतला, स्वतः काडतुसं भरणारा.

"तुझीच ना ही?"

"माझीच."

"डेलमर म्हणतो, माती होती."

"हं."

"मी तसंच लिहून घेतलंय." कोल्स्टाडने टेबलावरच्या ठोकळ्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, भिंतीवरच्या बियाणं कंपनीच्या कॅलेंडरकडे जास्त वेळ बघितलं. "तू काही सांगणार आहेस?"

"नाही."

"मग झालं."

माती अडकली तर नळी पुढच्या टोकाला फुटते, केळ्याच्या सालीसारखी. डेलमरची मागे फुटली होती. कोल्स्टाडने ती स्वतः उचलून गाडीत ठेवली होती. हे त्याला कळत होतं. कॅफेतल्या सगळ्यांना कळत होतं. तिथे मर्ल गेला की कोणीतरी त्याच्या कॉफीचे पैसे आधीच देऊन ठेवलेले असायचे, आणि बोलणं गव्हाच्या भावावर असायचं. रायफलीचं नाव कोणी काढत नव्हतं. एखाद्या घरात मयत झालेली असताना लोक जसे हवापाण्याचं बोलतात, तसं.

मर्ल कॉफी प्यायचा. घरी यायचा. झोप लागायची. भूक लागायची. बटाटा-खिम्याचं ताट स्वयंपाकघरातल्या ओव्हनमधून काढून तो उभ्याउभ्याच खायचा आणि ताट धुऊन ठेवायचा. त्याला वाटलं होतं की काहीतरी वाटेल.

*

आर्डिस आली तेव्हा सकाळ होती. गाडीची किल्ली हातातच.

"आज येतोस की पुन्हा दांडी?"

"ट्रकचं तेल बदलायचं..."

"माझ्या गाडीत तेल आहे. टोपी घाल."

मर्लने टोपी शोधली नाही. आर्डिस शेडच्या दारात उभी राहिली. तिचे केस एका बाजूने चेपलेले होते. इस्पितळातल्या खुर्चीवर झोपणाऱ्या बायकांचे होतात तसे.

"तो विचारतो तुझं. मर्ल आला नाही का, मर्ल आला नाही का. मी म्हटलं, तुझा मेव्हणा तेल बदलतोय. पंधरा दिवस. एवढं तेल काय जहाजाला लागतं?"

"कसा आहे?"

"कसा असणार. जेली खातो. नर्सला म्हणतो, एक डोळा मारायची सोय राहिली नाही, मारला की दोन्ही मिटल्यासारखे दिसतात." ती हसली नाही. "मी काल बोलले त्याला. परवाही बोलले. रोजच बोलते. म्हटलं, जन्म शेतात गेला तुझा, आणि नळी चिखलात टेकवतोस? गाईला कळतं, डेलमर. म्हणतो, गाय चांदमारीला येत नाही. म्हटलं, आली असती तर तिचे डोळे शाबूत राहिले असते. मग रडला थोडा. रडू दे. मला उरलेला जन्म त्याच्या शर्टाची बटणं लावायची आहेत."

मर्लने हे ऐकलं. शब्द कळले. छातीत कुठे काही हललं नाही. फक्त एक गोष्ट त्याला लांबून यावी तशी समजली: आर्डिस रोज बिलिंग्जपर्यंत जाऊन चुकीच्या माणसाला बोलते आहे.

काडतुसं तो एकटाही सोडवू शकला असता. साधनं समोर होती. पण एकट्याने सोडवली तर जे निघेल ते एकट्याकडेच राहील. मर्ल स्वतःला ओळखून होता. लोखंड जुनं होतं, हे वाक्य त्याने तयार ठेवलेलं होतं.

"जरा बस," तो म्हणाला. "तुझे कान चांगले आहेत."

"हल्ली तेवढंच चांगलं आहे."

"हे कानाशी धर आणि हलव. आत वाजतं का सांग. मला ऐकू येत नाही." जन्मभर कानाशी रायफल धरलेला माणूस. त्याच्या कानात बारीक शिट्टी चालू असते आणि तिच्या खालचं काही त्याला ऐकू येत नाही.

"ही त्याचीच ना?"

"त्याचीच."

"मला नको हात लावायला."

"आर्डिस. हलव."

तिने स्टूल ओढलं. पहिलं काडतूस दोन बोटांत, उंदीर धरावा तसं धरलं आणि कानाशी हलवलं.

"वाजतं."

"कसं?"

"मिठाच्या डबीसारखं."

मर्लने ते घेऊन टेबलावर उभं केलं. दुसरं दिलं.

"वाजतं. हे कशासाठी पण?"

"पुढचं."

"वाजतं. त्याला व्यायाम शिकवायला एक पोरगी येते, तिला म्हणतो, तू शेतकऱ्याशी लग्न कर, तुला जोर आहे. वाजतं. हे पण वाजतं. परत आला की गहू कोण पेरणार, हा प्रश्न आहे. म्हणतो, कराराने देऊ. वाजतं. आपल्या बापाने कधी दिला होता कराराने?"

"नाही."

"मग. हे..." तिने हलवलं. हात बदलला, दुसऱ्या कानाशी नेलं. "हे नाही वाजत."

"पुन्हा हलव."

"हलवलं, मर्ल. नाही वाजत."

त्याने ते घेतलं. इतरांसारखंच होतं. निळं, नीट बसलेलं, सुरेख. खिडकीच्या काचेवर एक माशी चालत होती. ती चौकटीपर्यंत गेली आणि वळली, आणि मर्लने तिला वळताना बघितलं.

काडतूस सोडवायची एक पोकळ हातोडी असते. काडतूस तिच्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. दोनचारदा आपटलं की गोळी सुटते, तिच्यामागे दारू पडते. मर्लने टेबलावर पांढरा कागद पसरला. आपटलं. पुन्हा आपटलं. हातोडी कागदावर उपडी केली.

निळी गोळी पडली. टेबलावर घरंगळली. आर्डिसने ती अडवली.

बाकी काही पडलं नाही.

"दारू कुठे आहे?" आर्डिसने विचारलं.

"दुसऱ्यात गेली. एकात दोनदा पडली, म्हणून हे कोरडं. ते दुसरं डेलमरने झाडलं."

ती कागदाकडे बघत होती.

"आणि माती?"

"माती नव्हती. मातीने पुढून फुटते. त्याची मागून फुटली."

"हे त्याला माहीत आहे?"

"आहे."

"कोल्स्टाडला?"

"आहे."

"अजून?"

"रायफल बघितलेल्या सगळ्यांना."

"म्हणजे मला सोडून."

"हो."

आर्डिसने निळी गोळी कागदाच्या मधोमध उभी करून ठेवली. ती पडली. तिने पुन्हा उभी केली.

"तू एवढा नेमाचा माणूस. असं कसं झालं?"

"भरता भरता मध्येच उठलो."

"कशाला उठलास?"

मर्लने माशी कुठे आहे ते बघितलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली, स्टूल होतं तिथे सरकवलं.

"टोपी घाल," ती म्हणाली.

*

बिलिंग्जपर्यंत कापलेल्या गव्हाची शेतं. धान्याची कोठारं एकेक करून येतात, मोठी होतात, मागे जातात. आर्डिस गाडी चालवते. मर्ल बसतो. एकदा ती पेट्रोल भरायला थांबते आणि दोन सँडविच आणते. एक त्याच्या मांडीवर ठेवते. तो खातो. चव कळते, पण कसली ते कळत नाही.

*

डेलमरच्या तोंडाचा अर्धा भाग पट्टीत होता. उरलेल्या अर्ध्यावर हसू आलं.

"झालं का तेल बदलून?"

"डबीत एक कोरडं निघालं," मर्ल म्हणाला. त्याने टोपी काढली नव्हती. "तुझं दोनदा भरलेलं होतं. माझ्या हातून झालं."

डेलमरचं हसू हळूहळू गेलं. त्याने डोळा दाराकडे वळवला. दारात आर्डिस पर्स छातीशी धरून उभी होती.

"माती होती," डेलमर म्हणाला.

"माती नव्हती," आर्डिस म्हणाली.

तो मर्लकडे वळला. आवाज खाली आणला, तरी खोली लहान होती.

"हिला कशाला सांगितलंस?"

"तुला रोज बोलते म्हणून."

"बोलू दे की. तीच एक गोष्ट तिला धड जमत होती. जाऊन-येऊन चार तास गाडी हाकायची, मला झोडपायची, मग बसून जेवायची. आता काय करेल? तुला झोडपेल? तू तर झोडपण्यासारखाही दिसत नाहीस. आरशात बघितलंस का?"

मर्लने बघितलं नव्हतं.

"मला राग नाही आला असं नाही," डेलमर म्हणाला. "पहिल्या आठवड्यात तू समोर असतास तर बेडपॅन फेकून मारलं असतं. उजव्या हाताने. नेमही लागला असता, जवळून." त्याने दम घेतला. "पण मीच मागितली होती ना काडतुसं. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? मागायची नाहीत."

"आणि द्यायची नाहीत," मर्ल म्हणाला.

"हो. द्यायचीही नाहीत."

नर्स जेवणाचा ट्रे ठेवून गेली. जेलीच्या वाटीवर कागदाचं झाकण होतं. डेलमरने ते उजव्या हाताने ओढलं. वाटी घसरली. डावा हात पट्टीचा गोळा होऊन उशीवर पडलेला होता. त्याने पुन्हा ओढलं, वाटी पुन्हा घसरली. आर्डिस पुढे आली, झाकण काढलं, चमचा वाटीत रोवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. डेलमरने एकदा तिच्याकडे बघितलं, वाट बघत. ती काही बोलली नाही. गाईबद्दल नाही, शर्टाच्या बटणांबद्दल नाही. तिचे हात मांडीवर होते आणि ती खाली वाहनतळाकडे बघत होती.

डेलमर जेली खात राहिला. मर्ल उभा राहिला. बस म्हणून कोणी म्हटलं नाही, आणि आपणहून बसावं हे त्याला सुचलं नाही.

*

परत येताना वारा होता, गाडी ढकलली जात होती. मर्लच्या फाटकापाशी आर्डिसने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं.

"बाकीचीही सोडव," ती म्हणाली. "सगळी. तुझी लालही."

"हो."

"ते भांडं, साचे, जे काय असेल ते. मला त्याच्याशी घेणं नाही. पण काडतुसं भरून पुन्हा कुणाला देऊ नकोस."

"नाही देणार."

तो उतरला. दार लावायला वळला तेव्हा ती म्हणाली, "येत्या रविवारी जेवायला येऊ नकोस."

आईबाप गेल्यापासून तो दर रविवारी तिच्याकडे जेवत आला होता.

"बरं," मर्ल म्हणाला.

"त्याच्या पुढच्याचं मला माहीत नाही. मी फोन करेन."

फोन हा शब्द तिच्या तोंडून नेहमीसारखाच निघाला. मर्लने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, घट्ट.

"मी उचलेन," तो म्हणाला.

तिने गाडी गिअरमध्ये टाकली. मर्ल फाटक उघडून आत आला आणि शेडकडे चालायला लागला. डबीत अजून बरीच काडतुसं होती आणि उजेड पुरेसा होता.